पेटीतला तांडेल

मांडवी, रत्नागिरी
१८ डिसेंबर १९५५

फरीदा,

अम्माची दुआ तुझ्या घरी पोचो.

हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींना उत्तर आलं नाही, त्यावरून ती पोचली असं मी धरते. पोचली नसती तर अम्मा साधं कार्डसुद्धा टाकत नाही म्हणून तू एव्हाना रागावून लिहिलं असतंस.

गुरुवारी बाबांचं चाळीसावं आहे. करीमचाचा मोठं पातेलं आणायला राजिवड्याला गेलेत. जाताना त्यांनी ओटीवरूनच विचारलं, फरीदा येणार ना? मी आतून हो म्हटलं. मला खोटी पाडू नकोस.

मुंबईला परत जाताना तू पडवीत सगळ्या बायांसमोर म्हणालीस, "बाबांना जाऊन तीन दिवस झाले आणि तू पुलावात मीठ किती घालायचं ते सांगतेयस. तुझ्या डोळ्यांत पाणी येईल ना अम्मा, त्या दिवशी मला बोलाव." ते मी विसरलेले नाही. पाणी आलेलं नाही. आलं असं खोटंच लिहून तुला बोलवावं, असंही मनात येऊन गेलं. तेही सांगून टाकते.

बाकी ठीक. इद्दतीचे चार महिने दहा दिवस विधवेनं घराबाहेर पडायचं नाही, तेव्हा माजघर ते मागची पडवी एवढीच माझी चाल. सतरा पावलं. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते. पुसलेली चिमणी पुन्हा पुसते. भावाच्या घरी सोबतीला तुझी साबेराफुफी राहिली आहे. ती म्हणते, "गो खुर्शीद, खाली बस जरा. तुला बघून माझेच पाय दुखायला लागले."

चिमाकडून हल्ली शेळीचं थोडं दूध घेते. फुफीने विचारलं, "दूध कोणाला गो?" मी म्हटलं, चहाला.

ये.

अम्मा


११ जानेवारी १९५६

फरीदा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. म्हणून जरा मोकळेपणी लिहिते.

चाळीसाव्याला तू आली नाहीस. शेजारच्या रमजानबरोबर अत्तराची बाटली आली. बाटलीभोवतीचा कागद मी उलटसुलट करून पाहिला. वर्तमानपत्राचा होता.

दूध चहाला नव्हतं. ते उंदराच्या पिल्लाला होतं.

झालं असं. चाळीसाव्याच्या आधी बाबांचे कपडे गोरगरिबांना वाटायचे, म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस फुफीने त्यांची बोटीवरची पेटी उघडली. तळाशी तो निळा डगला, थंडीच्या बंदरांवर घालायचा. पेटीच्या मागच्या कोपऱ्याला भोक पडलं होतं आणि डगल्याच्या अस्तरात उंदरीण व्याली होती. फुफी जी किंचाळली, ती करीमचाचा पिंजरा घेऊनच आले. उंदरीण त्याच दिवशी सापडली. पिल्लं चिमाने सुपात घेऊन मागे नेली, त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, मी डगला झटकायला घेतला तर बाहीतून एक माझ्या तळव्यावर पडलं. करंगळीच्या दोन पेरांएवढं, गुलाबी, डोळे मिटलेले. अंगातलं सगळं आरपार दिसत होतं.

ते टाकायलाच मी मागच्या दारी गेले होते. तिथे चिमा दूध घेऊन आली.

"बाय माजे, ह्या काय? काल येवडी निस्तरली, आनि आज पुन्ना?"

"हळू बोल. जिवंत आहे गं."

"आसना का. उद्या तुमचीच कौलं पोखरल." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि दुधाची चरवी खाली ठेवली. "बोटानं पाजू नका. कापसाची वात करा. आनि निम्मा पानी घाला, नायतर आजच मरल."

अशी ती त्यात सामील झाली. आता येते ती दूध मोजायच्या आधी विचारते, "तांडेल काय म्हनतो?" हे नाव तिनेच दिलं. मालकांच्या बोटीच्या पेटीतून आला, म्हणजे तांडेलच, असं तिचं म्हणणं. खलाश्यांचा मुकादम तो तांडेल. तो हुद्दा मिळेल मिळेल म्हणून बाबांनी बारा वर्षं वाट बघितली आणि खलाशी म्हणूनच घरी आले, हे तिला कुठून माहीत असणार. मी सांगितलं नाही. बाबा असते तर हसले असते की उठून पडवीत गेले असते, तेही मला सांगता येत नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात एवढं तरी सांगता यायला हवं होतं.

पेटी माझ्या खाटेखालीच आहे. डगला मी कोणाला देऊ दिला नाही. फुफीने मागितला तेव्हा "तो राहू दे" एवढंच म्हटलं. फुफीचे डोळे भरून आले. तिला काय वाटलं ते मला कळलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

अम्मा


७ फेब्रुवारी १९५६

फरीदा,

हेही टाकणार नाही.

तांडेल आता माझ्या मुठीपेक्षा मोठा आहे. पाठ करडी, पोट मळकट पांढरं, आणि कान इतके पातळ की पडवीत उन्हाकडे तोंड करून बसला की त्यातल्या लाल रेघा दिसतात. भाताचं एकच शीत दोन हातांत धरतो, फिरवून फिरवून बघतो आणि मग खातो. खाऊन झालं की तोंड धुतो. कानामागून पुढे, कानामागून पुढे. मी मोजलं, तीनदा! चिमाला म्हटलं, हा तर नमाजाआधीचा वुजू करतो. ती म्हणाली, "मंग तुमच्यातलाच हाय. मना वाटला आमच्या गणपतीचा आसल."

माझ्या नमाजाची जागा मी वेगळी केली आहे आणि त्या वेळी कपडे बदलते. तो दिवसभर माझ्या ओढणीत नाहीतर बाहीत असतो. उंदीर पाळणं आपल्यात चालत नाही हे मला ठाऊक आहे, तू सांगायला नको. फुफी नाक उडवून म्हणते, "घरात कसला तरी वास येतो गो." मी अत्तराची बाटली उघडते. तुझी बाटली अशी कामाला आली.

पण सांगायचं होतं ते हे नाही. आज दुपारपासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

दुपारी आगबोटीची शिट्टी झाली. तांडेल माझ्या बाहीत ताठ झाला, त्याला तो आवाज आवडत नाही. आणि मी उठले, हंडा घेतला आणि चुलीवर पाणी ठेवलं. ते कढायला लागल्यावर लक्षात आलं, हे कोणाच्या अंघोळीचं?

तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासूनची सवय आहे ही. बाबा मोठ्या बोटीवरून मुंबईला उतरायचे आणि तिथून या बोटीने घरी यायचे. कधी येणार ते पत्रात कधीच नीट नसायचं. म्हणून शिट्टी झाली की मी पाणी ठेवायची. खाऱ्या वाऱ्यातला माणूस, आल्या आल्या कढत पाणी लागायचं. दोन वर्षांतून एकदा ते पाणी उपयोगी पडायचं. बाकीच्या वेळी त्याने मी भांडी धुतली.

तू फक्त त्यांचं येणं पाहिलंस. खजूर, बाहुली, जपानी छत्री. ते जायचे तेव्हा तू झोपलेली असायचीस, नाहीतर तुला आजीकडे पाठवलेलं असायचं. मी रडायची गं तेव्हा. पहिल्या खेपेला तीन दिवस जेवले नव्हते. दुसऱ्या खेपेला दोन दिवस. पुढे पुढे ते बंदरावर गेले की मी अंथरूण उन्हात घालून लगेच चुलीशी बसायला लागले.

आणि शेवटचं वर्ष, छातीचा आजार घेऊन ते कायमचे घरी आले तेव्हाचं. आम्ही दोघं एकमेकांकडे चोरून बघायचो. ते पडवीत समुद्राकडे तोंड करून बसायचे आणि तहान लागली की विचारायचे, "खुर्शीद, पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या माठातलं पाणी! मी म्हणायची, घ्या. रोज विचारायचे आणि रोज मी घ्या म्हणायची. विचारू नका, असं एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

ते गेले त्या दिवशी करीमचाचा आणि माणसं त्यांना घेऊन ओटी उतरली. माझ्या मनात आलं, निघाले. अंथरूण उन्हात घालायला हवं.

हे तुला तोंडावर कसं सांगू?

अम्मा


७ मार्च १९५६

तांडेल परवा गेला. काल लिहायला बसले होते, जमलं नाही.

सोमवारी दुपारी फुफीला भेटायला राजिवड्याच्या चौघीजणी आल्या. त्यांची चाहूल लागताच मी तांडेलला खाटेखालच्या पेटीत सोडलं. इद्दत संपत आली, आता खुर्शीदचं पुढे काय, फरीदा नेणार की करीम बघणार, अशी बोलणी. फुफी त्यांना म्हणाली, "बाय, भावाचा डगला अजून हिने सोडलेला नाय. कसर लागेल म्हणून मी डांबरगोळ्या आणल्यात बघा." आणि गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली. सगळ्या बघत होत्या. मी खाटेखालून पेटी ओढली, झाकण थोडं उचललं आणि गोळ्या आत टाकल्या. नवऱ्याचा डगला जपणारी बायको जशी टाकेल तशा. मनात म्हटलं, वास आला की भोकातून बाहेर येईल, खाटेखाली बसेल, या गेल्या की बघू.

तर फुफीने पेटी पायाने रेटून पार भिंतीला लावली आणि वर बसली. भोक भिंतीकडच्या बाजूला. चौघींना चटई दिली होती, तिला जागा उरली नव्हती.

मी उभीच राहिले. बसवेना. पानाचा डबा आणला. पाणी आणलं. फुफी म्हणाली, बस गो. मी बसले आणि उठले. पेटीत खुडखुड ऐकू येत होती, मला येत होती. एक बाई म्हणाली, "उंदीर झालेत वाटतं." फुफी म्हणाली, "होतात, बंदराजवळचं घर." आणि तिने टाचेनं पेटीवर दोनदा आपटलं.

तेव्हाच बोलायचं होतं. साबेराबुबू, उठा, आत माझा उंदीर आहे. एवढंच बोलायचं होतं. हसल्या असत्या. गावभर झालं असतं की जैनुद्दीनची बायको इद्दतीत उंदीर पाळते. त्यापलीकडे काय झालं असतं? मी बोलले नाही. असरची, तिसऱ्या प्रहरची बांग होईपर्यंत त्या बसल्या होत्या. खुडखुड त्याच्या कितीतरी आधी थांबली होती.

त्या ओटी उतरत होत्या तेव्हाच मी पेटी उघडली. तो बाहीत शिरला होता, जिथून पहिल्या दिवशी पडला होता तिथेच. अंग अजून ऊन होतं. मी तो डगला तसाच छातीशी धरला, त्यात तोंड घातलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही. मांडवीच्या टोकापर्यंत गेला म्हणतात. त्या चौघी चपला टाकून परत धावत आल्या. फुफीने मला मिठी मारली, "रड गो बाय, रड. आता कुठे तुला कळला माझा भाऊ गेला." ती मला इतकी घट्ट धरून होती की आमच्या दोघींच्या मधे, बाहीत, तो होता. मला तो लागत होता. तिलाही लागला असेल. डगल्याची घडी वाटली असेल.

मी रडतच राहिले. कोणी काही विचारलं नाही. त्या आवाजाला सगळ्यांकडे उत्तर होतं.

काल चिमाने त्याला मागच्या माडाच्या मुळाशी पुरलं. डगल्याचं एक बटण, जे तो सारखं कुरतडायचा, मी बरोबर दिलं. चिमा म्हणाली, "मी सांगितला व्हता, जीव लावू नका. येवडासा जीव, त्येचा आयुक्श ता केवडा." मग खुरप्याची माती झटकत बराच वेळ तिथेच बसली. आज दूध घेऊन आली आणि मोजायच्या आधी काही विचारलं नाही.

सत्त्याण्णव दिवस.

ओढणीच्या शेवाला भाताची शितं बांधून ठेवायची सवय झाली होती. आज सकाळी गाठ सोडली, शितं वाळून खडे झाली आहेत. टाकवत नाहीत.


१३ मार्च १९५६

प्रिय फरीदा,

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. साबेराफुफीने तुला कळवलं ते खरं आहे. मी रडले. इद्दत पुढच्या मंगळवारी संपते. तू गुरुवारच्या बोटीने येते म्हणतेस, ये. बांगड्यांचं लोणचं घालून ठेवते.

अम्मा


१६ मार्च १९५६

फरीदा,

मंगळवारी पाठवलेलं कार्ड तुला मिळालं असेल. त्यात एक शब्द खोटा नाही आणि ते सगळं खोटं आहे. चिमा ते घेऊन टपालात टाकायला निघाली तेव्हापासून मी पुन्हा सतरा पावलं मोजते आहे.

तू लिहिलंस, "अम्मा, मी तुला दगड म्हणत होते, मला माफ कर. तू बाबांसाठी रडलीस हे वाचून मी पण रडले." ते पत्र माझ्या उशीखाली आहे. चार महिन्यांत तुझ्या हातची ही पहिली अक्षरं. ती परत द्यावी लागतील या भीतीने मी ते कार्ड लिहिलं.

काल फुफी करीमचाचांना ओटीवर सांगत होती, "माझी भावजय मनात धरून बसली होती हो, आता मोकळी झाली." चाचा म्हणाले, "हां, बाईमाणूस आधी आतून रडतं." दोघं समाधानात होती. मी आत भाकरी थापत होते. भाकरी हातात तुटली. मला त्या दुपारची आठवण झाली. सगळ्या बसल्या आहेत, बोलताहेत, पानं खाताहेत, आणि मला एकटीला ऐकू येतंय.

म्हणून या पत्राबरोबर आधीची तीन पाठवते, टपालात न टाकलेली. अकरा जानेवारी, सात फेब्रुवारी, सात मार्च. तारखेप्रमाणे वाच.

मी रडले ती उंदरासाठी, फरीदा. जंगली, करडा, शेपटीचा, ज्याला तू लहानपणी बघून खाटेवर चढायचीस तसा उंदीर. तो माझ्या घरात होता, सकाळी होता, दुपारी होता. बाहीत हात घातला की होता. मला सवय नव्हती गं असं कोणी असण्याची. तू सतराव्या वर्षी लग्न होऊन गेलीस आणि त्याआधी सगळा वेळ तू बाबांची वाट बघत होतीस.

आणि त्याला मी मारलं. गोळ्यांनी मेला की घुसमटून की फुफीच्या टाचेला घाबरून, ते मला माहीत नाही. मी गप्प बसले म्हणून मेला, एवढं माहीत आहे.

त्या रडण्यात बाबा नव्हतेच, असं शपथेवर मला सांगता येणार नाही. होते असंही सांगणार नाही, ते तुला बरं वाटावं म्हणून होईल. घडलं ते सांगते. मी डगल्यात तोंड घातलं ते तांडेलसाठी. पण आत विडीचा वास होता, आणि तेलाचा, आणि त्या पिवळ्या साबणाचा जो ते बोटीवरून आणायचे. डांबरगोळ्यांच्या वरताण होता तो वास. मला वाटलं कोणीतरी विचारतंय, पाणी घेऊ का. मी ओरडले त्यात तेही असेल. किती होतं ते मला वेगळं काढता येत नाही.

डगला मी धुतलेला नाही. आलीस तर तुझा आहे. नको असेल तर तसं सांग, चिमाच्या म्हाताऱ्याला थंडीत होईल.

आता तू काय करशील याचा विचार दोन दिवस करते आहे. तू रागावशील. बाबांसाठी नाही आणि उंदरासाठी रडले, हे तुला बाबा गेल्यापेक्षाही जास्त लागेल. तुझ्या जागी असते तर मलाही लागलं असतं. फुफीला मी अजून सांगितलेलं नाही. इद्दत संपली की तिचा हात धरून सांगणार आहे, कारण ती पेटीवर बसली होती हे तिला माझ्याकडूनच कळायला हवं, आणि तिचा त्यात काही दोष नाही हेही. पण पहिल्यांदा तुला.

वाचून तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. कार्ड पाठव, नुसतं नाव घालून पाठवलंस तरी चालेल. माफी मात्र परत घे, ती तू वेगळ्याच गोष्टीसाठी मागितली होतीस.

मी बंदरावर येणार नाही. तोवर इद्दत संपलेली असेल, यायला हरकत नाही, पण होडीतून कोण उतरतंय ते बघत उभं राहणं मला जमायचं नाही, ते मी कधीच केलेलं नाही. मी घरीच असेन. गुरुवारी शिट्टी झाली की पाणी ठेवीन. तू आलीस तर ओटीवर थांबून विचारू नकोस, सरळ आत ये आणि घे.

अम्मा